तू 'दोन' म्हणाला होतास

विन्या, तू गेल्यापासून माझं म्हणणं सगळ्यांना पटायला लागलंय.

तुझ्या तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सिंधरोटच्या रस्त्यावर लांब पळायला आम्ही सहा जण गेलो होतो. परतताना सेवासीच्या अलीकडे मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं: मॅरेथॉन पळणाऱ्यानं ट्रॅकवरच्या शर्यतींच्या भानगडीत पडू नये. टाकलं आणि सवयीनं वाट बघितली, तुझ्या "धर की, दिल्या" ची. मग मागून एक जण गुजरातीत म्हणाला, "साची वात छे, काका," आणि सगळे पळत राहिले. तीसेक वर्षं मी या वाक्याला होकार मिळावा म्हणून तुझ्याशी भांडलो. आता होकार मिळाला, तर त्याचं करायचं काय ते कळेना. उरलेले चार किलोमीटर मी एकटाच मागे पडून आलो. गुडघ्याचं कारण सांगितलं.

आपण दोघांनी मिळून तयार केलेली कल्याणीही होती त्यात. ती तर लगेच म्हणाली, "मग मी दहा हजारची एन्ट्री नाही भरत, काका. सर असते तर जुदी गोष्ट होती." इतक्या सहज तिनं तुझं चार वर्षांचं सांगणं बाजूला ठेवलं. मी जिंकलो होतो. जिंकल्यावर माणसाला इतकं एकटं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

तू कसा गेलास, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, हे मी इथे लिहीत नाही. तुला ते माहीत आहे आणि बाकीच्यांना पेपरात वाचायला मिळालं आहे. मला तुझ्याशी आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायचं आहे. आणि त्याच्या तळाशी मी एक गोष्ट दडवून ठेवली होती, ती सांगायची आहे. ती सांगायला उशीर झाला आहे, किती उशीर ते मला आता कळलंय.

तू नागरवाड्यातला. आजोबा संस्थानाच्या शिक्षणखात्यात, घरात सगळे शुद्ध बोलणारे. मी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधला, बाप भुसावळहून बदलून आलेला. कॉलेजच्या मैदानावर पहिल्या दिवशी मी तुला विचारलं, "तू काय पळतोस?" तू म्हणालास, "पंधराशे. आणि कोणी मागे लागलं तर पाच हजार." मी म्हटलं, "एवढ्याशा अंतरासाठी मी बूटसुद्धा घालत नाही." आपली ओळख या उर्मटपणावर झाली. पुढे मी पळण्याच्या जोरावर रेल्वेत लागलो आणि तू गणिताचा मास्तर झालास. तुझं पळणं सुटलं, मला पळवणं मात्र तू सोडलं नाहीस. पहाटे स्कूटरवर माझ्या बाजूनं येणारा तू, पायापाशी पाण्याच्या बाटल्या, खिशात स्टॉपवॉच, बोटांना आदल्या दिवशीचा खडू. सात वाजले की स्कूटर वळवायचास, कारण आठला तुझा पहिला तास असायचा. या कामाचे मी तुला कधी आभार मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस हे खरं, पण मी प्रयत्नही केला नाही.

आणि त्या सगळ्या वर्षांत भांडण एकच. सेव उसळच्या लारीवर, गाडीपुढच्या बाकड्यावर बसून, रस्सा वाढून घेता घेता. तुझं म्हणणं, की अव्वल दर्जाच्या मॅरेथॉनवाल्यानं वर्षातून दोनदा तरी ट्रॅकवर पाच आणि दहा हजारची शर्यत पळलीच पाहिजे. सराव नव्हे, शर्यत. "धर की, दिल्या," तू सुरू करायचास, फळ्यापुढे उभा असल्यासारखा, "धर की तुझा दहा हजारचा वेग वाढला. मग मॅरेथॉनचा वेग तुला आपोआप निवांत वाटेल. छत उंच केलं की घरात मान वाकवून उभं राहावं लागत नाही."

"आणि छत उंच करताना भिंत पडली तर?" मी म्हणायचो. "स्पाइक्स घालून पंचवीस राउंड एकाच बाजूला वळायचं. पोटऱ्या जातात, टाच जाते. मॅरेथॉनवाल्याच्या अंगात वर्षाला दोन मोठ्या शर्यती असतात. तिसरी काढली की ती त्या दोनांतून वजा होते."

"वजाबाकी मला शिकवू नकोस."

मग आपण त्या वर्षी कोण मोठा धावपटू ट्रॅकवरून रस्त्यावर आला, कोणाची मांडी ट्रॅकवर धरली, कोण मॅरेथॉनआधी दहा हजार पळून जिंकला, अशी नावं एकमेकांवर फेकायचो. दोघांकडेही सारखीच नावं असायची. एकच माणूस तुझ्या बाजूनं साक्ष द्यायचा आणि माझ्याही. लारीवाला मध्येच विचारायचा, "तीखुं नाखुं?" आणि आपण दोघं एकदम "नाख" म्हणायचो. तेवढंच एक आपलं एकमत.

शेवटी तू तुझा ठेवणीतला मुद्दा काढायचास, आवाज न चढवता. "रस्त्यावर सबब मिळते रे. वारा होता, चढ होता, पाण्याचं टेबल चुकलं. ट्रॅकवर दर राउंडला आकडा कानावर येतो. मॅरेथॉनवाल्यानं तो अधूनमधून ऐकावा. पाय राहू देत, मनासाठी ऐकावा." यावर मी दुसरी प्लेट मागवायचो. तुला वाटायचं मला भूक लागली आहे.

आता बेसण्याचं सांगतो. तुझंच बेसणं, पण तू नव्हतास म्हणून सांगतो. चार ते सहा, लोक दुखवट्याला आले. पांढऱ्या चादरी, तुझा तो पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला फोटो, त्यात तू कधी नव्हतास इतका गंभीर. बेसण्याला आपल्याकडे कुणी बोलत नाही. हात जोडायचे, पाच-दहा मिनिटं बसायचं, उठायचं. पण साडेपाचनंतर आपली आपलीच माणसं राहिली, मैदानावरची पोरं, तुझे दोन-तीन जुने विद्यार्थी, वहिनी आतल्या दाराशी भिंतीला टेकून. आणि एकानं, प्रेमानंच, सुरू केलं. "सर गणितात एवढे हुशार, पण एकदा पंचवीस मोजता नाही आले त्यांना." हळूच हसले सगळे. वहिनीही हसल्या, तुझ्या फोटोकडे बघत. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या किश्श्याचा उरलेला अर्धा भाग मी. "काका, तुम्ही सांगा ने. तुम्ही तर होता."

मी सांगितला, विन्या. तुझ्या फोटोसमोर बसून मी तो किस्सा सांगितला, थांबत, रंगवत, जिथे हसू येतं तिथे जरा जागा सोडत. इतकी वर्षं सांगून तो मला पाठ झाला आहे.

सगळ्यांना ठाऊक असलेला किस्सा असा. मी तेव्हा ऐन जोरात होतो, रस्त्यावर मला आसपासच्या दोन-तीन राज्यांत कुणी धरत नव्हतं. तुझ्या आग्रहाखातर आयुष्यात एकदाच दहा हजार मीटरच्या निवड चाचणीला ट्रॅकवर उतरलो. राउंड मोजायला माणसं कमी पडली म्हणून तुला टेबलावर बसवलं. प्रत्येक मोजणाऱ्याकडे काही धावपटू, हातात कागद, दर राउंडला एक खूण, आणि किती राहिले ते ओरडून सांगायचं. माझा कागद तुझ्याकडे. आणि शेवटाकडे तू 'दोन' म्हणायच्या जागी 'एक' म्हणालास. मी तो शेवटचा राउंड समजून जीव खाऊन पळलो, रेषेवर थांबलो, आत गवतावर गेलो. एक राउंड बाकी होता. मी बाद. गणिताच्या मास्तरला पंचवीसपर्यंत मोजता आलं नाही. इथे हसायचं.

हा किस्सा शाळेत पोचायला आठवडाही लागला नव्हता. स्टाफरूममध्ये तुला 'पंचवीस सर' म्हणायला लागले, मग वर्गातली पोरं पाठीमागे म्हणायला लागली. तूही हसायचास. कधी कधी तूच सुरुवात करायचास, दुसऱ्यानं करण्याआधी. आणि त्या दिवसानंतर तू राउंड मोजायच्या टेबलावर कधी बसला नाहीस. बोलावणी यायची, तू घड्याळ धरायचास, पाणी द्यायचास, मोजायला नाही म्हणायचास. मला ते दिसत होतं. मी कधी काही बोललो नाही.

आता खरं काय झालं ते.

त्या दिवशी पहिले दहा राउंड मी पुढच्या घोळक्यात होतो आणि मला वाटत होतं, एवढंच का हे. मग त्यांनी एकदा वेग वाढवला, पुन्हा वाढवला, आणि मी तुटलो. रस्त्यावर तुटला तर माणूस पुढे बघत राहतो, वळण येतं, समोरचा दिसेनासा होतो. इथे ते पाच जण मला सतत दिसत होते, आधी समोर, मग मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, मग मला उमगलं की पहिला माझ्या पाठीमागून येतोय. तो माझ्यावर एक राउंड चढवायच्या बेतात होता. दर फेरीला तुझा आवाज यायचा. सहा. पाच. चार. त्या आवाजात काळजी होती, मला अजून ऐकू येतो.

पहिल्यानं रेषा ओलांडली, त्याच्या शेवटच्या राउंडची घंटा वाजली, आणि जवळजवळ त्याच वेळी, थोडा पुढे असलेला मी तुझ्या टेबलासमोरून गेलो. तू 'दोन' म्हणालास. घंटा वाजत होती, तरी तुझं 'दोन' मला स्वच्छ ऐकू आलं. तू टेबलावर वाकून ओरडला होतास, पेन्सिल हातात, दोन बोटंही दाखवली होतीस.

त्याच क्षणी मला सगळं पुढचं दिसलं. हा राउंड पुरा करीन तेव्हा पहिला माझ्या पाठीवर पोचून शर्यत जिंकलेला असेल. लोक त्याच्याकडे धावतील. आणि मग मला अजून एक राउंड, चारशे मीटर, त्या सगळ्यांच्या देखत, संपलेल्या शर्यतीत पळायचा असेल. रस्त्यावरचा राजा, एक राउंड मागे. मी ठरवलं असं म्हणवत नाही. पण पाय सुटले. मी त्या राउंडला असा पळलो की बघणाऱ्याला वाटावं, हा शेवटचाच समजतोय. रेषेवर हात वर केला आणि आत गेलो. "अरे, अजून एक आहे," कुणीतरी ओरडलं. मी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून म्हणालो, "मला 'एक' सांगितलं. घंटा पण वाजली."

सगळे तुझ्या टेबलाकडे वळले. तू कागदाकडे पाहिलंस. खुणा बरोबर होत्या, तेवीस आणि मग चोविसावी. मग माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली होती. तू फार वेळ घेतला नाहीस. म्हणालास, "माझ्या तोंडून एक गेलं असेल."

मुख्य पंच तुला सगळ्यांसमोर बोलले. काय बोलले ते मी आता उगाळत नाही. मी तो राउंड पळलो असतो तर सहावा आलो असतो. निवड तशीही होणार नव्हती. म्हणजे मी वाचवलं ते फक्त सहावं येणं. त्यासाठी तुझं मोजणं बदनाम केलं.

परत येताना स्कूटरवर तू दोनदा माफी मागितलीस. मी मागे बसलो होतो. "जाऊ दे रे," असं मी म्हणालो. मोठ्या मनानं म्हणालो. मला वाटतं माझ्या आयुष्यात याहून हलकं मी काही बोललो नसेन.

नंतर सांगायचं होतं. खरंच होतं. आधी वाटलं, आठवडाभरानं सांगू, ताप उतरू दे. मग तो किस्सा झाला, आणि किश्श्यात तू हसत होतास, तेव्हा वाटलं, याला तर काही लागलेलं दिसत नाही. मग माझी ती चांगली मॅरेथॉन झाली, तुझ्याच आखलेल्या सरावावर, आणि फुलांच्या माळा पडल्यावर कोण असलं काही काढतो. मग दहा वर्षं झाली. मग वीस. खोटं जुनं झालं की ते सामानासारखं घरात एका जागी बसतं, माणूस त्याला वळसा घालून चालायला शिकतो.

आणि ट्रॅक नको, ट्रॅक नको, हे माझं जन्माचं भांडण. त्यातलं पोटऱ्यांचं, टाचेचं, दोन शर्यतींचं खरं आहे, ते मी आजही मागे घेत नाही. तिथे तू अर्धा चुकतच होतास. पण मी ते ज्या जोरानं भांडायचो तो जोर पोटऱ्यांतून येत नव्हता. तू आकडा ऐकण्याचा मुद्दा काढलास की मला भूक लागायची, ती त्याच कारणानं. माझ्या भीतीला मी शास्त्र म्हणत आलो आणि आपल्या हाताखालच्या पोरापोरींना ते शिकवत आलो.

कल्याणीनं त्या रविवारी माझं ऐकलं तेव्हा हे मला बोचलं. रिफायनरीतल्या फिटरची पोर, शाळेतली नोकरी सांभाळून पळणारी. वेग तुझ्याकडे, अंतर माझ्याकडे, अशी आपण ती वाटून घेतली होती. मॅरेथॉनच्या सात आठवडे आधी राष्ट्रीय स्पर्धेत दहा हजार. तू म्हणत होतास पळ. मी म्हणत होतो टाच सांभाळ. आपलं शेवटचं भांडण तिच्यावरूनच झालं, फोनवर, आणि तू म्हणालास, "बरं, उद्या बोलू. मला आता दूध आणायला जायचंय." एन्ट्रीची तारीख अजून गेली नव्हती. ती तुझी बाजू ऐकायला तयार होती आणि तुझी बाजू मांडायला कुणी नव्हतं.

म्हणून बुधवारी दुपारी मी नागरवाड्यात गेलो. वहिनी एकट्याच होत्या. त्यांनी चहा केला, तुझ्या खुर्चीवर मी बसणार नाही हे ओळखून वेताचा मोढा पुढे सरकवला. मी सांगितलं सगळं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. त्यांनी ऐकून घेतलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगते. परीक्षा झाल्या की हे पेपर घरी आणायचे. तपासायचे, मार्कांची बेरीज करायचे, आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवायचे. 'तू एकदा बघ, माझा भरवसा नाही.' दर वर्षी. मी म्हणायची, अहो, तुम्ही गणिताचे सर, मी संस्कृत घेऊन बीए झालेली बाई, मी काय तुमच्या बेरजा तपासू? तर म्हणायचे, 'पंचवीसची गोष्ट माहितीये ना तुला?' हसतच म्हणायचे."

"चुका निघायच्या?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"एकदाही नाही. निवृत्त झाले त्या वर्षीपर्यंत तपासले मी. एक चूक नाही. पण त्यांना मी बघितल्याशिवाय सही करवायची नाही."

मला वाटलं होतं, तुझी थट्टा झाली, थोडी मानहानी झाली, ती तू पचवलीस. तुझ्या आत काय मोडलं हे मला माहीतच नव्हतं. गणित शिकवणारा माणूस दर परीक्षेला संध्याकाळी स्वतःच्या बेरजेवर अविश्वास ठेवून बायकोपुढे गठ्ठा सरकवत होता, आणि सकाळी मला पाणी द्यायला स्कूटर काढत होता.

मी आशा धरली होती, विन्या. वहिनी म्हणतील की तुला ठाऊक होतं. तू मनातल्या मनात ओळखलं होतंस आणि मैत्रीखातर गप्प राहिलास. तसं असतं तर मी तुझ्या मोठेपणावर चार ओळी लिहिल्या असत्या आणि माझी सुटका झाली असती. मी विचारलंही, अडखळत. त्यांनी मान हलवली. "नाही हो. त्यांना खरंच वाटायचं की आपण चुकलो."

मग त्या म्हणाल्या, "मीही हसले, भाऊजी. त्यांनी गठ्ठा पुढे केला की दर वेळी हसले. परवा बेसण्यालाही हसले. तुम्ही मला सांगितलंत, तुम्हाला जरा मोकळं वाटलं असेल. मी आता कोणाला सांगू?"

एरवी वहिनी जिन्यापर्यंत येतात, 'आवजो' म्हणतात, वळेपर्यंत उभ्या राहतात. त्या दिवशी त्या बसूनच राहिल्या. मी दार ओढून घेतलं. खाली आलो, स्कूटर काढली, आणि घरी जायचं सोडून दांडिया बाजारातून नुसताच दोनदा फिरलो. कुणाला फोन करावा म्हणून फोन हातात घेतला, तर असलं काही सांगायला माझ्याकडे एकच नंबर होता. तुझाच.

कालच्या रविवारी मांजलपूरच्या ट्रॅकवर सगळे जमले होते. सराव सुरू व्हायच्या आधी मी त्यांना थांबवलं आणि किस्सा सांगितला, या वेळी खरा. सुरुवातीला एक-दोघं हसले, ठरलेल्या जागी हसू यायची सवय त्यांनाही झालेली. मग थांबले. संपल्यावर एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जवा दो ने काका, जूनी वात छे." तो चांगला मुलगा आहे. पण तुझ्यावर 'जाऊ दे रे' म्हणून मी जो मोठेपणा केला होता, तोच माझ्या पदरात पडला, आणि तो किती पोकळ लागतो ते कळलं.

कल्याणी गवतावर बसून लेस बांधत होती. बाकीचे पळायला गेल्यावर म्हणाली, "म्हणजे ट्रॅक नको म्हणायचात ते पायामुळे नव्हतं?"

"थोडं पायामुळे. बाकी त्या एका राउंडमुळे."

"मला तर तुम्ही पायाचंच सांगितलं."

"हो."

तिनं दुसरी लेस ओढली. "शेवटचा राउंड का नाही पळलात?"

"भीती वाटली. सगळे बघतील याची."

"मला पण वाटते ने," ती म्हणाली, जणू मी हवेबद्दल काही बोललो होतो. "मला तर खबरच नव्हती पडत, सर म्हणतात ते खरं की तुम्ही म्हणता ते." मग उठली. "मी भरते एन्ट्री. आकडा ऐकून तर बघते."

मी तिला टाचेचं सांगितलं. त्या गोष्टी अजून खऱ्या आहेत, तू काहीही म्हण. स्पाइक्स फक्त शर्यतीच्या दिवशी, आधी दोनदाच घालून बघ. डावा पाय जड वाटला तर त्या दिवशी ट्रॅक नाही. ती ऐकत होती, मान डोलावत होती. तुझी बाजू मी मांडत होतो आणि माझीही मीच, आणि दोन्हींच्या मधे कुणी तिखट टाकू का विचारणारं नव्हतं. तरी बरं वाटत होतं. किती वर्षांनी एखादी गोष्ट आपण दोघांनी मिळून ठरवल्यासारखं वाटलं.

त्या जोशात मी म्हणून गेलो, "पुढच्या रविवारी पुरे पंचवीस राउंड पळून बघ, शर्यतीच्या वेगानं. राउंड मोजायला मी उभा राहतो."

ती बुटांकडे बघत राहिली. "नको, काका. तुम्ही पाणी धरा. मोजायला मी दुसऱ्या कोणाला तरी बघते." आणि मग, मला लागू नये म्हणून हळूच, "मला सारखं वाटत राहील, बरोबर सांगताय की नाही."

मी 'बरं' म्हटलं. ती पळायला गेली. मी कठड्यापाशी उभा राहिलो, आणि मला एकच गोष्ट दिसत राहिली. तू असतास तर ती आधी तुझ्याकडेच आली असती. आणि तू हसून तिला म्हणाला असतास, "दुसरं कोणी बघ. माझा भरवसा नाही."